कावड, कात्री आणि कागद

1967 साली क्लास ओल्डेनबर्ग या अमेरिकी शिल्पकाराने वॉशिंग्टन शहरासाठी एक स्मारक सुचवलं. त्या शहरात जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाचा 555 फूट उंचीचा दगडी स्तंभ आहे. 1848 मध्ये त्याचं काम सुरू झालं, पैसा आटला, यादवी युद्ध आडवं आलं, आणि 1884 मध्ये तो एकदाचा पुरा झाला. ओल्डेनबर्गचं म्हणणं असं की या स्तंभाच्या जागी कात्री उभी करावी. लाल मुठी जमिनीखाली खोल चरांत राहतील, पाती आकाशात जातील, दिवसभरात ती उघडतील आणि सूर्यास्ताला मिटतील. ही कात्री कधी उभी राहिली नाही. पण तिचं लिथोग्राफ, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शब्दात शिळाछाप, निघालं, आणि तेही त्याच राजधानीतल्या राष्ट्रीय कलासंग्रहाच्या चित्रसंचात. ज्या सत्तेचा स्तंभ उपटायची सूचना होती, तिच्याच संग्रहाने ती सूचना छापून घेतली. या घटनेकडे बहुतेक जण एक खेळकर चमत्कार म्हणून पाहतात: अमेरिकेतलं पॉप आर्ट, ग्राहकी संस्कृतीची थट्टा, थोडा वात्रटपणा. मला ते वाचन अपुरं वाटतं. या कागदांमागे स्मारकाविषयीचा एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे, आणि त्याचं एक उत्तर ओल्डेनबर्गच्या कितीतरी आधीपासून साताऱ्याच्या माण तालुक्यात दरवर्षी चैत्रात दिलं जातं. रोजची वस्तू अवाढव्य होते ती तिच्या उंचीमुळे नाही. ती उचलायला एकट्याचे हात अपुरे पडतात आणि अनेकांना पुढे यावं लागतं, तेव्हा ती मोठी होते. कागदावरची कात्री या हातांना हाक घालते. ती हाक कोणी ऐकली आणि कोणी नाही, यावरच त्या वस्तूचं स्मारक होणं ठरतं.

आधी ओल्डेनबर्ग तिथवर कसा पोहोचला ते पाहू. तो 1929 मध्ये स्टॉकहोममध्ये जन्मला, शिकागोत वाढला आणि 1956 मध्ये न्यूयॉर्कला आला. 1961 च्या डिसेंबरात त्याने तिथल्या गरीब वस्तीत एक दुकानच मांडलं. त्यात प्लास्टरच्या, भडक रंग दिलेल्या पावांच्या, सदऱ्यांच्या, केकच्या मूर्ती होत्या आणि त्या विकायला ठेवलेल्या होत्या. पुढे त्याने कापड आणि व्हिनाइल शिवून टाइपरायटर, वॉशबेसिन, हॅम्बर्गर यांची मऊ, लोंबती शिल्पं केली. 1965 मध्ये त्याला मोठा स्टुडिओ मिळाला आणि तिथून त्याने शहराच्या नकाशावर वस्तू ठेवायला सुरुवात केली. सेंट्रल पार्कच्या उत्तर टोकाला टेडी बेअर. पार्क ॲव्हेन्यूवर काडीवरचं आइसक्रीम, ज्याचा एक घास तोडलेला आणि त्या खाचेतून वाहनं जाणारी. स्वातंत्र्यदेवतेच्या जागी विजेचा पंखा. लंडनमध्ये 1966 साली त्याने पिकॅडिली सर्कसमधल्या पुतळ्याच्या जागी लिपस्टिकांचा झुपका बसवला. टेम्स नदीसाठी त्याने संडासाच्या टाकीतला तरंगता गोळा सुचवला, जो भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होईल. या यादीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक वस्तूला तिच्या जागी काही काम आहे. गोळा पाण्याची पातळी दाखवतो, आइसक्रीम रस्ता देतं, कात्री दिवस मोजते. नुसतं उभं राहून वंदन घेणारी वस्तू त्यात जवळपास नाहीच. पुतळ्यांच्या आणि स्तंभांच्या शहरात त्याने वापराची वस्तू आणली आणि तिला वापरातच ठेवलं.

मग हे सगळं कागदावर का? सोपं उत्तर असं की बांधायला पैसा नव्हता. पण पैसा असता तर त्याने हे कागद काढलेच नसते, असं म्हणता येत नाही. पुढे त्याला पैसा आणि जागा दोन्ही मिळाल्या, तरी तो लिथोग्राफ आणि एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरची छापचित्रं, करत राहिला. 1968 मध्ये लॉस एंजेलिसच्या जेमिनी कार्यशाळेत त्याचा 'नोट्स' हा लिथोग्राफांचा संच निघाला. त्यात वहीच्या पानावर सुचतील तशा आराखड्यांची गर्दी आहे. छापाला असं सामर्थ्य आहे की त्यात प्रमाण बदलायला फक्त एक रेघ लागते. कात्रीच्या पायथ्याशी चार ठिपके काढले की ते झाडांचे शेंडे होतात आणि कात्री मनोऱ्याएवढी होते. दगडाला ही मुभा नसते. दुसरं असं की छापलेली सूचना एका ठिकाणी राहत नाही. ती अनेक प्रतींत निघते, अनेक भिंतींवर जाते, आणि जितके लोक पाहतात तितक्यांच्या मनात ती जागा थोडी बदलते. पिकॅडिलीतून जाणाऱ्या ज्या माणसाने तो लिपस्टिकचा कागद पाहिला असेल, त्याला तिथला पुतळा पूर्वीइतका अटळ वाटणार नाही. पुतळा जागेवरच आहे. त्याच्या जागी दुसरं काही असू शकतं, हे मात्र त्या माणसाला आता माहीत आहे.

छापाने प्रमाण बदलण्याची गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. इथे तो प्रवास उलट दिशेने झाला, इतकंच. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं, आणि जोशीबुवांच्या हातातली तिथी-नक्षत्रं घराघरातल्या खुंटीवर आली. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, आणि गाभाऱ्यातली लक्ष्मी-सरस्वती चौकटीत बसून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आली. मोठं होतं ते लहान झालं, दूर होतं ते जवळ आलं. माणच्या शेजारी, खटाव तालुक्यातल्या औंधच्या संग्रहालयात या साखळीचं दुसरं टोक पाहता येतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उघडलेल्या त्या वास्तूत रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत आणि हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्पही आहे. एका लहानशा संस्थानाच्या राजाने ते तिथे आणलं. हा राजा स्वतः चित्रकार होता आणि त्याने 1916 मध्ये स्वतःच्या रंगीत चित्रांचं 'चित्ररामायण' छापून काढलं. देवादिकांना पानावर आणायचं, हेच त्याचंही काम होतं. ओल्डेनबर्गने छापाची हीच युक्ती उलटी फिरवली. त्याने स्वयंपाकघरातली, न्हाणीघरातली, शिवणाच्या डब्यातली वस्तू उचलली आणि देवाच्या, राजाच्या, राष्ट्रपुरुषाच्या जागी नेली. त्याच्या कागदाला थट्टा म्हणणारे या उलट्या दिशेमुळे चकतात. वर असलेलं खाली आलं तर आपल्याला तो प्रसाद वाटतो. खाली असलेलं वर गेलं तर ती थट्टा वाटते.

आता माणमध्ये येऊ. शंभू महादेवाच्या डोंगररांगेला ज्या देवाचं नाव आहे, त्याचं देऊळ शिखर शिंगणापूरला आहे. गावाचं नाव यादव राजा सिंघणाशी जोडलं जातं. भोसले घराण्याचं हे कुलदैवत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी यांनी इथे तळं बांधलं, ही त्या घराण्याच्या इतिहासातली ठळक गोष्ट आहे, आणि तिच्यामागचं कारण आजही डोळ्यांनी दिसतं: डोंगरमाथ्यावर हजारो माणसं जमतात आणि पाणी नाही. माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. सरासरी पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावलेली माणगंगा दहिवडी, म्हसवड, आटपाडी ओलांडून भीमेकडे जाते. वर्षाचे कित्येक महिने तिचं पात्र कोरडं असतं. अशा मुलखात, चैत्राच्या उन्हात, विहिरी तळ गाठतात त्याच दिवसांत, शिंगणापूरची जत्रा भरते. अष्टमीला शिव-पार्वतीचं लग्न लागतं, आणि द्वादशीला मुंगी घाटातून कावडी वर चढतात.

कावड म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. बांबूच्या दोन टोकांना दोन घागरी अडकवायच्या, मध्ये खांदा द्यायचा आणि पाणी आणायचं. गावोगावी देवाला पाणी घालायला जी लहान कावड निघते, ती अशीच एका खांद्यावरची असते. पण सासवडच्या पंचक्रोशीतून संत तेल्या भुत्याच्या नावाने येणारी मानाची कावड एका खांद्यावर मावत नाही. रोजच्या वस्तूचा आकार तिने तोच ठेवला आहे, तोच दांडा, तीच दोन बाजूंची भांडी, पण प्रमाण बदललं आहे. ती इतकी जड आणि उंच झाली आहे की सपाट रस्त्यावरही ती आळीपाळीने अनेकांना वाहावी लागते. मुंगी घाट हा शिंगणापूरच्या डोंगराची माळशिरसकडची बाजू, जवळजवळ उभा कडा. तिथे वाट अशी नाहीच. लोक कड्यावर एकमेकांना धरून साखळी करतात आणि कावड हातोहात वर सरकते. खालचा माणूस ढकलतो, वरचा ओढतो, मधला तोल सांभाळतो. पाण्याचा देवाला अभिषेक होतो. पाणी वर नेणं एवढाच हेतू असता तर तेच पाणी लहान भांड्यांतून गाडीरस्त्याने सहज नेता आलं असतं. पाणी वाहणं अवघड केलं आहे ते मुद्दाम. ज्या मुलखात पाण्याची प्रत्येक घागर कोणीतरी वाहून आणलेली असते, तिथे वाहण्यालाच मोठं केलेलं आहे. कावड ही ओल्डेनबर्गच्या अर्थाने अवाढव्य वस्तू आहे, आणि ती कोणत्याही शिल्पकाराने रेखाटलेली नाही.

देवळासमोरच्या दीपमाळांचंही असंच. शिंगणापूरला त्या आहेत, औंधला यमाईपुढेही आहे. देवघरातली समई दगडात वाढवून देवळाच्या अंगणात उभी केली की दीपमाळ होते. हीसुद्धा रोजच्या वस्तूची प्रचंड आवृत्तीच. पण तिच्याकडे दिवसा पाहणाऱ्याला फक्त दगडी खांब दिसतो. त्रिपुरी पौर्णिमेला कोणी वर चढून, हाताहाताने तेल आणि वाती पोहोचवून तिची प्रत्येक खोबण पेटवली, तरच ती दिवा होते. दीपमाळ बांधणाऱ्याने दगड दिला. तिला दिवा करणं मात्र दरवर्षी गावाकडे राहिलं. कात्रीची पाती रोज उघडावीत आणि मिटावीत, अशी कल्पना ओल्डेनबर्गने केली तेव्हा तोही अशाच जिवंत वस्तूकडे निघाला होता. फक्त त्याच्या कात्रीच्या मुठी धरायला गाव नव्हतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. कावड हा नवस आहे, श्रद्धा आहे. ओल्डेनबर्गचं चित्र ही कला आहे, तीही उपहासाची. दोन्ही एका तराजूत घालणं म्हणजे भक्ताला कलावंत म्हणणं आणि कलावंताला भक्त म्हणणं, दोघांवरही अन्याय. मला हे अर्धं मान्य आहे. घाट चढणाऱ्याला आपण शिल्प उचलतो आहोत असं वाटत नसतं, आणि त्याच्यावर तसं लादूही नये. पण इथे तुलना हेतूंची नाही, घडण्याची आहे: वस्तू मोठी होते तेव्हा तिच्याभोवती काय घडतं? या प्रश्नाचं उत्तर पाहायला ओल्डेनबर्गचा एक प्रसंग उपयोगी आहे. 1968 मध्ये तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्क्यूज एका मुलाखतीत म्हणाला की ओल्डेनबर्गचं असं एखादं स्मारक खरंच उभं राहिलं, तर तो त्या समाजाचा शेवट असेल, कारण मग कोणालाच राष्ट्राध्यक्षासारखी कोणतीही गोष्ट गंभीरपणे घेता येणार नाही. येल विद्यापीठातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या मनाची या कल्पनेने पकड घेतली. त्यांनी आणि काही प्राध्यापकांनी पैसे गोळा केले, एक नोंदणीकृत संस्था स्थापन केली, आणि 15 मे 1969 ला विद्यापीठाच्या मुख्य चौकात एक लिपस्टिक उभी राहिली. रणगाड्यासारख्या साखळीपट्ट्यांवर बसवलेली, 24 फूट उंचीची. व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते. टोक व्हिनाइलचं, हवा भरून फुगवायचं. ज्याला चौकात भाषण करायचं असेल त्याने आधी हवा भरावी आणि लोकांचं लक्ष वेधावं, अशी योजना होती. म्हणजे या उपहासाच्या वस्तूलाही आपल्याभोवती माणसं हवी होती, हात हवे होते. ती विद्यापीठाने मागवलेली नव्हती. विद्यार्थ्यांनी ती वाहून आणली होती.

पुढे जे झालं तेही बोलकं आहे. पट्टे प्लायवुडचे होते, टोक पंक्चर होई, त्यावर पत्रकं डकवली गेली, रंग ओरखडला गेला, आणि 1970 मध्ये ती लिपस्टिक हलवावी लागली. नंतर ती पोलाद, ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासमध्ये पुन्हा घडवली गेली आणि 1974 मध्ये विद्यापीठाच्या एका वसतिगृहाच्या अंगणात बसली. ती आजही तिथे आहे आणि आता कोणी तिच्यात हवा भरत नाही, कारण टोक कडक आहे. टिकाऊपणा मिळाला आणि हातांची गरज संपली. कलेच्या इतिहासात दुसऱ्या आवृत्तीला यश समजतात. माझ्या मते खरी अवाढव्य वस्तू ती पहिलीच होती, जी दहाएक महिन्यांत मोडली. कावडही दरवर्षी सजवावी लागते, घाटातून वर न्यावी लागते आणि परत खाली आणावी लागते. कड्यावर ती कायमची बसवून टाकली असती तर ती पाहायला माणसं आली असती, पण वाहायला कोणी उरलं नसतं.

दुसरा आक्षेप असा: मग उंचीला काहीच अर्थ नाही का? फिलाडेल्फियात 1976 पासून उभा असलेला 45 फुटी पोलादी कपड्यांचा चिमटा, शिकागोतली सुमारे 100 फूट उंचीची जाळीदार बेसबॉल बॅट, ही ओल्डेनबर्गची प्रत्यक्षात आलेली कामं, मोठी आणि लोकप्रिय आहेत. चिमट्याच्या दोन पायांत लोकांना आलिंगन दिसतं, त्याच्या स्प्रिंगमध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीचा '76' हा आकडा दिसतो. त्याच्या समोरच नगरपालिकेची जुनी, पुतळ्यांनी भरलेली इमारत आहे, आणि धुणं वाळत घालायची वस्तू तिच्यासमोर ताठ उभी राहते, हे नुसतं पाहूनही काही घडतं. हे मी नाकारत नाही. पण हा चिमटा एका बांधकाम व्यावसायिकाच्या कचेऱ्यांच्या इमारतीपुढे, त्याच्या पैशाने उभा आहे. त्याच्यासाठी कोणाला कोणाचा हात धरावा लागला नाही. भारतात गेल्या काही वर्षांत पुतळ्यांच्या उंचीची जी चढाओढ चालू आहे, तिलाही हीच कसोटी लावावी. मीटर मोजून स्मारकाचं मोठेपण ठरत असेल, तर सर्वात जास्त खर्च करणाऱ्याचं स्मारक सर्वात मोठं, आणि मग गोष्टीत बोलण्यासारखं काही उरत नाही.

या कसोटीवर ओल्डेनबर्गचा सर्वात सुंदर कागद कोणता ठरतो, तर माझ्या मते रॉटरडॅमच्या पुलाचा. तिथल्या बॉइमन्स संग्रहालयाने त्याला काम दिलं, आणि पत्नी कूश्ये व्हान ब्रुगेनबरोबर विचार करता करता त्याला साधा स्क्रू सुचला. तो वाकवला, दोन स्क्रूंची टोकं पाण्यात रोवली, आणि त्यांच्या कमानीतून न्यूवे मास नदीवरचा पूल झाला. 1980-81 मध्ये या पुलाची एचिंग आणि ॲक्वाटिंटमधली मोठी मुद्राचित्रं निघाली, एकाच पत्र्यावर वेगवेगळ्या अवस्थांत कोरलेली. ॲक्वाटिंट म्हणजे पत्र्यावर राळेची भुकटी बसवून तो आम्लाला खाऊ द्यायचा, म्हणजे सलग करडा धुकटपणा उमटतो. त्या धुकट नदीवर स्क्रूचे आटे पुलाचे कठडे होतात. पूल झाला नाही. त्याऐवजी एका वाकलेल्या स्क्रूचं शिल्प 1982 मध्ये झालं आणि ते संग्रहालयात राहिलं. नदीवर जे गेलं नाही, ते कागदावर गेलं. तिसरा आक्षेप इथेच निघतो: न झालेल्या गोष्टीच्या चित्राला स्मारक कसं म्हणायचं? ते आराखडाच. पण पूल ही सर्वात जास्त वाहणारी वस्तू आहे. तो हजारोंचा भार रोज पेलतो. स्क्रू ही सर्वात लहान पेलणारी वस्तू आहे, दोन फळ्यांना धरून ठेवणारी, दिसेनाशी होणारी. त्या कागदाने या दोन पेलण्यांतलं नातं दाखवलं, आणि ते दाखवायला पूल बांधण्याची गरज नव्हती. हाक पोहोचली. उत्तर आलं नाही, हा हाकेचा दोष नव्हे.

आता एक घटना उलट्या टोकाची, आणि ती पुन्हा औंध संस्थानाशी जोडलेली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आल्यावर त्यांना रंगांची वाट सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळावं लागलं. त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर केला. शेतकरी तो घेईनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती होती. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेबांनी त्यांना यमाईच्या देवळाच्या मंडपाच्या कामासाठी बोलावलं, आणि पुढे कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाचा माळ कारखान्यासाठी दिला. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. तोफ ही स्मारकाची वस्तू आहे. ती बुरुजावर पडून असते, इतिहास सांगते, कोणाच्या रोजच्या कामाला येत नाही. ती भट्टीत गेली आणि शेतकऱ्याच्या हातातली वस्तू झाली. ओल्डेनबर्गने कागदावर वॉशिंग्टनच्या स्तंभाची कात्री केली. किर्लोस्करवाडीच्या भट्टीत प्रत्यक्ष तोफेचा नांगर झाला. पुढे 1920 मध्ये याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर लाहोरला पंडित सातवळेकरांकडे आणि नंतर मुंबईत चित्रकला शिकलेले. रोजच्या वस्तूभोवती छापील चित्रांचं एक जग उभं करणारं ते मासिक होतं. वस्तू, छाप आणि सार्वजनिक जागा यांचा मेळ अमेरिकेत 1965 मध्ये पहिल्यांदा बसला असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा माळ पाहावा.

पण माणविषयी बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही, आणि ती माझ्या स्वतःच्या युक्तिवादालाही टोचते. कावड मोठी झाली, समई मोठी झाली, पण हंडा मोठा झाला नाही. माणमधलं पाणी खरोखर कोणी वाहिलं असेल तर ते बायकांनी, डोक्यावर, एकावर एक दोन-तीन भांडी ठेवून, टँकरपासून घरापर्यंत, विहिरीपासून वस्तीपर्यंत. कावडीचा खांदा पुरुषाचा, आणि तिचा कडा चढणं पराक्रम ठरला. हंड्याचं डोकं बाईचं, आणि ते काम ठरलं. ओल्डेनबर्गच्या वस्तूंत लिपस्टिक, चिमटा, चमचा, कात्री यांची गर्दी आहे. घरकामाची वस्तू चौकात नेण्यात त्याने जे धाडस दाखवलं, ते आपल्या परंपरेने या एका ठिकाणी दाखवलेलं नाही. समूहाचे हात लागले की वस्तू मोठी होते, हे मी वर म्हटलं. कोणत्या वस्तूला समूह हात लावतो आणि कोणती एकटीच्या डोक्यावर सोडतो, हे मात्र समूहच ठरवतो, आणि त्यात नेहमी न्याय असतोच असं नाही. अशा वेळी कागदाचं काम सुरू होतं. परंपरा जी हाक ऐकत नाही, ती घालायला छापचित्राला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि माणमधली सर्वात मोठी वस्तू कोणती, असं विचारलं तर ती देवळात नाही, डोंगरावरही नाही. म्हसवडजवळ, माण आणि आटपाडीच्या सीमेवर, माणगंगेवर राजेवाडीचा तलाव आहे. 1876-77 च्या दुष्काळात इथली माणसं उपाशी होती, तेव्हा दुष्काळी काम म्हणून त्याच्या भिंतीवर मजूर लावले गेले. सरकारी दप्तरात त्याची नोंद पाटबंधाऱ्याची आहे. पण मातीचा बांध घालणं म्हणजे घमेली आणि पाट्या डोक्यावरून रिकाम्या करत राहणं, आणि त्या रांगेत बायका होत्या, मुलं होती. लांबच लांब पसरलेला तो बांध म्हणजे पुन्हा पुन्हा ओतलेली पाटीच. तिच्यावर दीपमाळेसारख्या वाती लागत नाहीत, तिचा चैत्रातला उत्सव नाही. उद्या सातारा-सांगलीतल्या एखाद्या कलाशाळेत पत्र्यावर राळ बसवून, आम्लात बुडवून कोणी एक पाटी काढली, तलावाच्या दोन टोकांवर कडा टेकलेली, खाली पाणी आणि काठावर मेंढरांचे ठिपके, तर त्या मुद्राचित्राला वेगळं प्रमाण ठरवावं लागणार नाही. ते प्रमाण दुष्काळातल्या मजुरांनी आधीच घालून ठेवलेलं आहे.